बाटली भरण्याआधी : कारखान्यातली लघवीची तपासणी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझी पहिली तपासणी पूर्ण फुकट गेली होती. रायगड जिल्ह्यातला शाई बनवणारा एक कारखाना, मे महिना, टोल्युइन या सॉल्व्हंटच्या आसपास काम करणारे अकरा जण आणि तुलनेसाठी बाहेरचा म्हणून स्टोअरचा क्लार्क. लॅबचा माणूस सकाळी यायचा, म्हणून मी सकाळी साडेनऊला बाटल्या वाटल्या. दहा दिवसांनी रिपोर्ट आले. मिक्सिंगला उभे राहणारे सगळे 'नॉर्मल' आणि सगळ्यांत वरचा आकडा त्या क्लार्कचा, जो प्लांटमध्ये पाऊलही टाकत नव्हता.

खोदून विचारल्यावर कळलं, की उन्हाळा सुरू झाल्यापासून तो दिवसाला दोन बाटल्या कोल्ड्रिंक पीत होता आणि डब्यात रोज विकतचं लोणचं. या दोन्हींत टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घालतात. ते पोटात गेलं की लिव्हर त्याचं हिप्युरिक ॲसिड करतं. टोल्युइनचंही मुख्यतः तेच होतं, आणि आम्ही नेमकं तेच मोजत होतो. प्लांटमधल्या मंडळींच्या अंगातलं तर रात्रभरात निघूनही गेलेलं. म्हणजे खूण चुकली, वेळ चुकली, आणि बिल मात्र बरोबर आलं.

तुम्ही सेफ्टी ऑफिसर असाल, कारखान्याचे डॉक्टर किंवा नर्स असाल, युनियनचं काम बघत असाल, आणि 'लघवी तपासून केमिकल किती अंगात जातंय ते कळतं म्हणे' इतपतच ऐकलेलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी एक गैरसमज काढून टाका

बहुतेक कारखान्यांत वर्षातून एकदा मेडिकल कॅम्प लागतो. बीपी, साखर, छातीचा एक्स-रे आणि 'युरीन रुटीन'. त्या युरीन रुटीनमध्ये अल्ब्युमिन, साखर, पस सेल्स बघतात. तिचा आणि आपल्या विषयाचा काडीचा संबंध नाही. बेंझिनवर काम करणाऱ्याचं युरीन रुटीन वर्षानुवर्षे स्वच्छ येऊ शकतं. तरी फायलीत 'लघवी तपासणी : झाली' असा शिक्का असतो आणि सगळे निर्धास्त असतात.

आपण शोधतो ते रसायन स्वतः, किंवा शरीरात त्याचं रूपांतर होऊन तयार झालेला पदार्थ. यालाच मी खूण म्हणतो. त्यावरून कळतं की गेल्या काही तासांत किंवा दिवसांत किती माल आत गेला. माणूस आजारी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ही गोष्ट तुम्हाला मॅनेजरला एकदा आणि कामगारांना दहादा सांगावी लागेल.

मग हवाच का मोजू नये? ती मोजायचीच. पण हवेचा पंप नाकासमोरचं सांगतो, कातडीतून काय गेलं ते त्याला कळत नाही. जपानमधलं फुकुईचं प्रकरण मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. रंगांची इंटरमिजिएट्स बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात ऑर्थो-टोल्युइडिनवर काम करणाऱ्या अनेकांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्याचं २०१५ च्या डिसेंबरात बाहेर आलं. तपास करणाऱ्यांनी हवा मोजली, तर तिथल्या मर्यादेच्या कितीतरी खाली. लघवी मोजली, तर शिफ्टनंतर प्रमाण चढलेलं. वाट सापडली ती हातमोज्यांत. रबरी हातमोजे सॉल्व्हंटने धुऊन परत वापरायची पद्धत होती आणि त्या सॉल्व्हंटमध्येच ऑर्थो-टोल्युइडिन उतरलेलं होतं. ज्याने हात वाचायचे, तेच रोज हाताला माल लावत होतं. नुसती हवा मोजून थांबले असते तर हे कधीच दिसलं नसतं.

पहिली पायरी : केमिकलची यादी, आणि त्यातून गळती

स्टोअरचं रजिस्टर घ्या, प्रत्येक मालाची सुरक्षा माहितीपत्रिका म्हणजे एसडीएस काढा आणि कॅस नंबरासकट (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक) यादी करा. 'थिनर', 'एनसी थिनर', 'क्लीनर' असल्या नावांवर विसंबू नका. एकाच थिनरच्या ड्रममध्ये टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन, मिथेनॉल असं काहीही असू शकतं, आणि सप्लायर बदलला की मिश्रणही बदलतं. मग प्रत्येक रसायनापुढे लिहा की ते कोण हाताळतो, कुठल्या कामात आणि किती वेळ. ही यादी ऑफिसात बसून होत नाही. प्लांटवर जा, एक पूर्ण बॅच उभं राहून बघा. मॅनहोल उघडून चार्जिंग (म्हणजे आत माल टाकणं) होतं का, सॅम्पल काढताना हात कुठे जातो, फिल्टर कोण साफ करतं, सांडलेलं पुसायच्या चिंध्या कुठे जातात.

आता गळती, म्हणजे यादीतली नावं गाळणं, कारण सगळं काही लघवीत दिसत नाही. क्लोरीन, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, ॲसिडच्या वाफा यांचा मार बसतो तो डोळे, घसा आणि फुप्फुसांवर. लघवीत शोधण्यासारखं काही उरत नाही. सिलिकाच्या धुळीसाठी एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी. शिसं रक्तातच मोजायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांसाठीही मुख्य भर रक्तातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमवर असतो. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना शेतमजुरांना विषबाधा झाली, तेव्हा हा शब्द पेपरांतही आला होता. तिथे मेख अशी, की माणूस त्या कामाला लागण्याआधीच त्याची मूळ पातळी घेऊन ठेवावी लागते. पुढे ती स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरली की धोक्याची घंटा. मूळ पातळीच नसेल तर तुलना कशाशी करणार?

यादीत पन्नास नावं असली तरी लघवीवरून ठोस काही सांगता येईल अशी पाच-सातच उरतात. पहिल्या वर्षी त्यातलं एक किंवा दोन घ्या.

दुसरी पायरी : खूण निवडणं

इथे घाई केलीत तर माझ्या क्लार्कसारखी गत होईल. मला सर्वांत जास्त वेळा विचारली जाणारी रसायनं घेतो.

टोल्युइन. हिप्युरिक ॲसिड स्वस्त आहे, कुठलीही लॅब करून देते, म्हणून आजही कोटेशनमध्ये पहिलं नाव त्याचंच असतं. घेऊ नका. चहा, फळं, लोणची, सॉस, कोल्ड्रिंक, सगळ्यांतून ते येतं, आणि टोल्युइनची हवा जरा बरी असेल तर जेवणातल्या गोंधळात कामाचा वाटा दिसतच नाही. अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था जैविक मर्यादांची यादी काढते, तिला सगळे बीईआय म्हणतात. त्या यादीतून टोल्युइनसाठीचं हिप्युरिक ॲसिड कधीच काढलं गेलं. त्याऐवजी ऑर्थो-क्रेसॉल मागा, तेही शरीरात टोल्युइनपासूनच बनतं : मर्यादा ०.३ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन (हे क्रिएटिनिन काय ते सातव्या पायरीत), शिफ्ट संपताना. किंवा लघवीतलं न बदललेलं टोल्युइनच, ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसरी खूण जास्त नेमकी, पण बाटलीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी माल उडून जातो.

बेंझिन. इथे शरीरात बेंझिनपासून बनणाऱ्या दोन पदार्थांची नावं ऐकाल : म्युकॉनिक ॲसिड आणि एसपीएमए (एस-फेनिलमरकॅप्ट्युरिक ॲसिड). म्युकॉनिक ॲसिडची अडचण पुन्हा जेवणाचीच. चीज, केक, सरबतं यांत घालतात त्या सॉर्बिक ॲसिडपासूनही ते बनतं. एसपीएमए महाग, पण बेंझिनखेरीज सहसा दुसरीकडून येत नाही. कमी प्रमाणात बेंझिन असेल, म्हणजे आजच्या बहुतेक ठिकाणी, तर एसपीएमएच घ्या. लघवीतला फिनॉल ही फार जुनी पद्धत. कोणी कोटेशनमध्ये ती टाकली असेल तर ती लॅब बदला. आणि बिडी-सिगारेटमधूनही बेंझिन मिळतं, तेव्हा ओढणारे आणि न ओढणारे असे दोन गट पहिल्यापासून वेगळे मांडा.

हेक्झेन. चपला-बॅगांच्या कारखान्यांत 'सोल्युशन' म्हणून जो गम लावतात त्यात असतं. हातापायांच्या नसा मारतं. आधी मुंग्या, मग चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. खूण : २,५-हेक्झेनडायोन.

धातूंचं थोडक्यात सांगतो. पाऱ्यासाठी शिफ्ट सुरू होण्याआधीची लघवी, २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन. कॅडमियम किडनीत वर्षानुवर्षं साठतं, त्याचं अर्धं कमी व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, म्हणून बाटली कधीही घ्या. मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन.

आर्सेनिकला मात्र थांबावं लागेल, विशेषतः तुम्ही कोकणपट्टीत असाल तर. मासळीत, कोळंबीत आर्सेनोबेटाइन नावाचं आर्सेनिक असतं, ते बाधत नाही. पण लॅबने 'एकूण आर्सेनिक' मोजलं तर रविवारी सुरमई खाल्लेला माणूस सोमवारी विषबाधा झाल्यासारखा दिसतो. म्हणून लॅबला लेखी सांगायचं, की अकार्बनी आर्सेनिक आणि त्याची मिथाइल रूपं वेगळी करून बेरीज द्या; मर्यादा त्या बेरजेला आहे, ३५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, आठवड्याच्या शेवटी. शिवाय त्याआधीचे तीन-चार दिवस मासे बंद. अलिबागकडच्या माणसाला चार दिवस मासे खाऊ नको हे सांगणं तपासणीपेक्षा अवघड असतं, तेव्हा निदान श्रावणात किंवा मार्गशीर्षात तारीख धरा.

ही यादी दर वर्षी बदलते आणि मर्यादा बहुतेक वेळा खालीच येतात. चालू वर्षाची बघा. टेबलाच्या काचेखाली कुणीतरी कधीकाळी सरकवलेला झेरॉक्स वापरू नका.

तिसरी पायरी : वेळ

लघवीतला आकडा वेळेशिवाय वाचताच येत नाही. सॉल्व्हंट झपाट्याने निघून जातात. म्युकॉनिक ॲसिडचं अर्धं साधारण पाच तासांत जातं, एसपीएमएचं नऊएक तासांत. म्हणून 'शिफ्ट संपताना' याचा अर्थ शिफ्टचे शेवटचे दोन तास, त्यातही नुकती तयार झालेली लघवी. दुपारी एकला जाऊन आलेला माणूस साडेतीनला बाटली भरतोय, असं असावं. सकाळपासून रोखून धरलेली नको.

काही गोष्टी आठवडाभर साठत जातात. धातूचे भाग धुण्यासाठी वापरतात त्या ट्रायक्लोरोइथिलीनचं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टला घ्यायचं. सोमवारी घेतलंत तर रविवारच्या सुट्टीचा फायदा कारखान्याला मिळतो.

जमलं तर प्रत्येकाच्या दोन बाटल्या घ्या, एक शिफ्टआधी आणि एक शिफ्टनंतर. घरून आणलेलं किती आणि कामावर चढलेलं किती हे त्याशिवाय सुटं होत नाही, आणि मॅनेजर 'बिडीमुळे असेल' म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर असतं.

दिवसही नीट निवडा. बॅच चालू असलेला, ड्रम धुण्याचा, फिल्टर बदलण्याचा दिवस. ऑडिटच्या आदल्या दिवशी झाडूनपुसून लख्ख केलेल्या प्लांटमध्ये तपासणी करण्यात अर्थ नाही. आणखी एक : या मर्यादा आठ तास, आठवड्याला पाच दिवस असं धरून काढलेल्या आहेत. आपल्याकडे बारा तासांची शिफ्ट आणि सहा दिवस हे सर्रास चालतं. तिथे मर्यादेच्या जवळ आलेला आकडाही मी 'ठीक' म्हणत नाही.

चौथी पायरी : माणसांशी बोलणं

प्लांटवर बाटल्या आल्या की पहिली बातमी पसरते ती 'दारू पकडायला आलेत'. दुसरी, 'ज्याचा रिपोर्ट खराब त्याला घरी बसवणार'. या दोन्ही भीती खऱ्या आहेत, कारण दोन्ही गोष्टी कुठे ना कुठे झालेल्या आहेत. आठवडाभर आधी शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभं राहून बोला. काय मोजणार, काय मोजणार नाही (दारू नाही, साखर नाही, एचआयव्ही नाही), रिपोर्ट कोणाला मिळणार, आकडा वर आला तर काय होणार. मॅनेजमेंटकडून आधी लेखी घ्या, की रिपोर्टवरून कोणाचं काम जाणार नाही आणि पगार कापला जाणार नाही. ते मिळत नसेल तर मी पुढे जात नाही. संमतीपत्र मराठीत, आणि निम्मी माणसं बिहार-उत्तर प्रदेशातली असतील तर हिंदीतही. नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू द्या.

याच बैठकीत दूध-गुळाचा विषय निघतोच. सॉल्व्हंटवर काम करणाऱ्यांना अर्धा लिटर दूध आणि गुळाचा खडा द्यायची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने 'केमिकल धुऊन जातं' अशी समजूत. दूध प्यावं, चांगलं असतं. टोल्युइन त्याने जात नाही. हे सांगा, पण दूध बंद करायला मॅनेजमेंटला निमित्त मिळेल अशा तऱ्हेने सांगू नका.

पाचवी पायरी : बाटली

ज्या दिवशी बाटल्या घ्यायच्या त्या दिवशी माझ्यासमोर काय असतं ते सांगतो. ऑफिसकडच्या बाजूचं टॉयलेट, प्लांटचं नव्हे. दाराशी टेबल, त्यावर रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या शंभर मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या, नंबर आधीच चिकटवलेले. नाव नाही, फक्त नंबर. नंबर-नावाची वही माझ्याकडे. धातू मोजायचे असतील तर बाटल्या लॅबकडूनच मागवायच्या, ॲसिडने धुतलेल्या.

माणूस प्लांटवरून येतो तो तसाच आत जात नाही. आधी वरचा युनिफॉर्म उतरवायचा, कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, पुसायचे. शाईवाल्याच्या बाहीवर जेवढा माल असतो त्याचा एक कण बाटलीत पडला तरी रिपोर्ट बिघडतो. लघवीतलं धातूचं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बाहीवरची धूळ मिलिग्रॅममध्ये. झाकण उलटं ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. निम्म्याहून जास्त भरली की बंद. बर्फाच्या पेटीत टाकायची, त्याच संध्याकाळी फ्रीजमध्ये. लॅबला दोन दिवसांत जाणार नसेल तर उणे २० अंशांवर.

बाटलीसोबत एक कागद, आणि तो मीच बोलत बोलत भरतो. शेवटचा लघवीला कधी गेलास? आज कुठलं काम केलंस, किती तास? काही सांडलं? मास्क होता? कुठलं कार्ट्रिज, कधी बदललं? हातमोजे? बिडी, सिगारेट? कालपासून कोल्ड्रिंक, लोणचं, सॉस? मासे? कुठलं औषध? काल रात्री घेतली होती का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत हळू विचारायचा, आणि का विचारतो तेही सांगायचं. दारू आणि टोल्युइन यांना लिव्हरमध्ये एकाच दारातून जावं लागतं, म्हणून प्यायलेल्या माणसात टोल्युइनचं रूपांतर रेंगाळतं आणि ऑर्थो-क्रेसॉल खोटंच कमी दिसतं. ॲस्पिरिन झायलिनच्या खुणेचं असंच करते.

दोन जास्तीच्या बाटल्या पाठवा. एकीत डिस्टिल्ड वॉटर, तिचाही प्रवास तसाच. तिच्यात काही सापडलं तर घाण बाटलीची किंवा वाटेतली. दुसरी म्हणजे एकाच माणसाची लघवी दोन बाटल्यांत अर्धी-अर्धी, वेगवेगळ्या नंबरांनी. लॅबला सांगायचं नाही. दोन आकडे जुळले नाहीत तर बाकीच्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

सहावी पायरी : लॅब

कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये यातलं बहुतेक होत नाही. ते सॅम्पल घेऊन पुढे पाठवतात आणि मधले दोन दिवस बाटली कुठे होती हे कोणालाच ठाऊक नसतं. थेट विचारा : नेमकी ही चाचणी एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेच्या व्याप्तीत आहे का (लॅबला मान्यता असणं वेगळं, या चाचणीला असणं वेगळं), पद्धत कोणती, किती कमी प्रमाण मोजता येतं. मर्यादा २५ आणि लॅबला ५० च्या खाली दिसतच नसेल, तर 'आढळलं नाही' या उत्तराला किंमत शून्य. कुठे जावं ते सुचत नसेल तर मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे आणि अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. निदान पत्ता नीट सांगतात.

सातवी पायरी : भागाकार

खूप पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ, उन्हात घाम गाळलेल्याची घट्ट. म्हणून रसायनाचा आकडा क्रिएटिनिनने भागायचा. क्रिएटिनिन स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात येतं, त्यामुळे ते मापाचं काम करतं.

शाईच्या कारखान्यातल्या दुसऱ्या फेरीतली दोन माणसं घ्या. मिक्सर चालवणारे काका : ऑर्थो-क्रेसॉल ०.४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. ड्रम धुणारा हेल्पर : ०.२४. बघताक्षणी वाटतं काका धोक्यात. आता क्रिएटिनिन. काकांचं २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे २.५ ग्रॅम प्रति लिटर, ०.४५ भागिले २.५ बरोबर ०.१८. हेल्परचं ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ०.६ ग्रॅम, ०.२४ भागिले ०.६ बरोबर ०.४. मर्यादा ०.३. पोरगा वर आहे, काका खाली. पोरानं दुपारभर ताक आणि पाणी ढोसलं होतं, काकांनी सकाळपासून दोन कप चहा.

डेसिलिटरचं लिटर करायला विसरलात तर आकडा दहा पट चुकतो. असे रिपोर्ट मी सही-शिक्क्यासह पाहिले आहेत. इंग्लंडकडची माहिती वाचलीत तर तिथे मायक्रोमोल प्रति मोल असतं, ते सरळ आपल्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

क्रिएटिनिन ०.३ ग्रॅम प्रति लिटरच्या खाली किंवा ३ च्या वर असेल तर ती बाटली बाद, पुन्हा घ्या. एप्रिल-मे मध्ये ३ च्या वर जाणारे पुष्कळ निघतात, आणि ती स्वतःच एक खबर आहे की माणसांना पाणी पुरत नाही. बारीक चणीच्या, विशेषतः बायकांच्या लघवीत क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, तेव्हा त्यांचा भागाकार थोडा फुगतो. लक्षात ठेवून वाचा. आणि ज्याची मर्यादा 'प्रति लिटर' दिली आहे त्याला भागायला जाऊ नका.

आठवी पायरी : वाचणं

एका माणसाच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. मर्यादेच्या वर आकडा आला की आधी बाटलीसोबत भरलेला तो कागद काढा, मग त्या माणसाची बाटली वेगळ्या दिवशी पुन्हा घ्या. सगळ्या गटाचे आकडे कामानुसार लावून बघा. एकटाच वर असेल तर त्याची काम करण्याची पद्धत, हातमोजे, सवयी बघा. एका कामावरचे सगळेच वर असतील तर दोष त्या कामात आहे. हवा कमी आणि लघवी जास्त असेल तर कातडी किंवा तोंड, फुकुई आठवा. हवा जास्त आणि लघवी कमी असेल तर मास्क काम करतोय, किंवा बाटलीची वेळ चुकलीय.

बेंझिन, ऑर्थो-टोल्युइडिन यांसारख्या कॅन्सर करणाऱ्या रसायनांत 'मर्यादेच्या आत आहे' हे वाक्य मी रिपोर्टवर लिहीत नाही. तिथे तुलना बाहेरच्या माणसाशी करायची : त्याच कॅन्टीनमध्ये जेवणारा, पण प्लांटमध्ये न जाणारा.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरचे गावकरी विचारतील, आमच्या पोरांची लघवी तपासून या यादीशी ताडून बघा. तसं करू नका. बीईआय कामावरच्या धडधाकट प्रौढांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर बायका, चोवीस तास तिथेच राहणारे म्हातारे यांना ती लावणं म्हणजे कारखान्याला फुकटचं प्रशस्तिपत्र. त्यांच्यासाठी दूरच्या, तशाच राहणीच्या गावाशी तुलना लागते, आणि ते काम एकट्या सेफ्टी ऑफिसरचं नाही.

नववी पायरी : रिपोर्ट हातात आल्यावर

प्रत्येकाला त्याचा आकडा त्याच्या भाषेत, समोर बसवून सांगा. मॅनेजमेंटला नावं न देता कामानुसार आकडे. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात आलेल्या ४१-सी कलमाने घातक रसायनांवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या कामगारांना बघू देणं मालकावर बांधील केलं होतं. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आहे. तिच्याखालचे राज्याचे चालू नियम 'डिश'च्या, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, ऑफिसातून विचारून घ्या.

मग प्लांट. आकडा वर आला की मॅनेजरचं पहिलं वाक्य असतं 'मास्क द्या' आणि दुसरं 'माणूस बदला'. दोन्ही शेवटी यायला हवेत. आधी बघा, की बादलीऐवजी पंपाने माल चढवता येईल का, मॅनहोल बंद ठेवून चार्जिंग होईल का, जिथे वाफ उठते तिथेच ती ओढून घेणारा हूड बसेल का. हातमोज्यांचं म्हणाल तर डॉक्टरी पातळ नायट्राइलमधून टोल्युइन काही मिनिटांत पार होतं, आणि सुती हातमोजा तर त्या मालात भिजवलेली पट्टीच.

त्या हेल्परकडे परत येतो. मी दोन दुपारी नुसता उभा राहून त्याचं काम पाहिलं. ड्रम धुताना तो बऱ्यापैकी जपून होता. पण सुट्टीच्या आधी पाच मिनिटं तो एका घमेल्याकडे जायचा. त्यात वापरलेला थिनर साठवलेला असायचा, आणि सगळं खातं त्यात हात धुवायचं, कारण शाई साबणाने निघत नाही. बाकीचे बोटं बुडवायचे. हा कोपरापर्यंत, आणि मग तोंडावरूनही एक हात फिरवायचा.

घमेलं उचलायला एक महिना गेला. त्याजागी ग्रीस काढायची पेस्ट, ब्रश आणि गरम पाण्याचा नळ आला. तिसऱ्या फेरीत त्याचा आकडा ०.१२ निघाला, काकांचाही उतरला. मी खूश होऊन कागद आवरत होतो, तेव्हा त्यानेच सांगितलं, की तुमच्या दुसऱ्या रिपोर्टनंतर ठेकेदाराने मला ड्रमवरून काढून पॅकिंगला टाकलंय. म्हणजे ०.१२ मधला घमेल्याचा वाटा किती आणि पॅकिंगचा किती, ते सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ड्रमवर आता त्याच्याच गावचा एक नवा पोरगा होता, आणि त्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं. चौथ्या फेरीची पहिली बाटली त्याची घेतली.